अकरा महिन्यांचं वर्ष

भाडेकराराच्या पंचांगात वर्ष अकरा महिन्यांचं असतं. आपलं नेहमीचं पंचांग तसं उदार. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी तोकडं पडतं, म्हणून ते साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एक अधिक महिना पदरचा घालतं आणि चंद्र-सूर्यांची तडजोड घडवून आणतं. भाडेकराराच्या पंचांगाचा मात्र हात आखडता. तिथे दरवर्षी एक महिना कापून घेतला जातो आणि तो कुठे जमा होतो हे कुणी विचारत नाही. हल्ली तीन अकरा एकत्र बांधून तेहतीस महिन्यांचे करारही होतात. अधिक मासात जावयाला तेहतीस अनारसे देतात, भाडेकरूला तेहतीस महिने देतात. अनारसे संपल्यावर जावयाला कुणी घर खाली करायला सांगत नाही, एवढाच काय तो फरक.

या अकराला कधीकाळी कारण होतं. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. नोंदवायचा म्हणजे खर्च आला, खेटे आले. तेव्हा शहाण्या लोकांनी वर्षाच्या उंबरठ्यापर्यंत जाऊन एक पाऊल अलीकडे थांबायचं ठरवलं. पुढे महाराष्ट्रात १९९९ चा भाडेनियंत्रण कायदा आला. त्याने सांगितलं की करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. ही जबाबदारी मालकाची, आणि ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे अकराचं काम त्या दिवशी संपलं. पण कारण निघून गेलं तरी सवय मागे राहते, आणि सवयीकडून घर खाली करून घेण्याचं कलम अजून कुठल्याच कायद्यात नाही.

हे अकरा महिने आपण अंगठ्याच्या बळावर मिळवतो. आता त्यासाठी निबंधकाच्या कचेरीत बाकावर ताटकळावं लागत नाही. पाठीला सॅक लावलेला एक तरुण घरीच येतो, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडतो, त्याला लाल डोळ्याचं एक इवलंसं यंत्र जोडतो आणि मालक व भाडेकरू यांचे अंगठे त्यावर टेकवून घेतो. आमच्या करारावेळी यंत्राला माझा अंगठा चटकन पटला, पण घरमालकीणबाईंचा पटेना. या काकू त्याच इमारतीत तळमजल्यावर राहतात. वर्षानुवर्षं कणीक मळून, भांडी घासून त्यांच्या अंगठ्यावरच्या रेषा पार विरून गेलेल्या. एजंट म्हणाला, “आजी, ओल्या फडक्याने जरा पुसून बघा.” काकूंनी पुसून बघितलं, पदराला घासून बघितलं. “अरे, बँकेतही असंच होतं,” त्या म्हणाल्या, “मी मीच आहे, हे हल्ली सगळ्यांना पटवून द्यावं लागतं.” शेवटी डाव्या हाताच्या एका बोटाने त्यांची ओळख दिली आणि कोथरूडमधली तिसऱ्या मजल्यावरची त्यांची जागा कायदेशीरपणे आमच्या ताब्यात आली.

ताब्यात आली म्हणायचीही सोय नाही. सगळा करार तेच बजावत असतो: ताबा मालकाचाच, या गृहस्थाचा वास्तूवर कसलाही हक्क नाही, तो केवळ परवानगीने राहतो आहे. या परवानगीचं मूळ १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात आहे. एरवी जे करणं बेकायदा ठरलं असतं, ते दुसऱ्याच्या स्थावर मालमत्तेत करण्याची मुभा, असा त्याचा साधारण आशय. हे वाचल्यापासून त्या घरातली माझी वामकुक्षी अधिक गोड झाली. कागद नसता तर तो अपराध होता, ही जाणीव उशीखाली असली की झोप वेगळीच लागते.

मालकांना एवढं बजावून सांगावं का लागतं, याची कहाणी मोठी आहे. मुंबईत पहिला भाडेनियंत्रण कायदा पहिल्या महायुद्धाच्या वर्षांत, १९१८ मध्ये आला. मग १९४७ चा आला आणि त्याने बहुतेक जुन्या जागांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या आकड्यावर आणून थांबवली. पुढे भाज्या, सोनं, शाळेच्या फिया, सगळं पुढे चालत गेलं. भाडं तेवढं बंद पडलेल्या घड्याळासारखं त्याच तारखेवर उभं राहिलं. हा कायदा केला होता थोड्या काळासाठी. मुदत वाढवत वाढवत तो अर्धशतकाहून जास्त राहिला. भाडेकरूने वेळेवर जावं अशी अपेक्षा कुणी कुणाकडून करायची, जिथे कायदाच मुदतीनंतर बिऱ्हाड हलवायला तयार नाही!

माझी आत्या सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात भाड्याने राहायची. मालक वरच्या मजल्यावर, आत्या खाली, मधे चौकात एक तुळशीवृंदावन आणि न्यायालयातला एक दावा. मालक हाताने भाडं घेत नसत, कारण घेतलं तर भाडेकरूपण कबूल केल्यासारखं होतं. आत्याचे यजमान भाडं थकवत नसत, कारण थकलं तर घर जातं. म्हणून दर महिन्याला ते भाडं मनिऑर्डरने पाठवायचे. मनिऑर्डर टपालकचेरीत जायची, शिक्के खायची आणि पोस्टमनच्या पिशवीतून पुन्हा त्याच दिंडीदरवाज्यातून आत यायची. पोस्टमन जिना चढायचा, मालक ती नाकारायचे, पोस्टमन जिना उतरायचा. चार पायऱ्यांचं अंतर तोडायला त्या रकमेला सबंध टपालखात्याची मदत लागे. त्याच जिन्यावरून दिवाळीत चकल्या वर जायच्या आणि कडबोळी खाली यायची. त्यांना मात्र कुणी कधी नाकारलं नाही. दाव्यात फराळाचा उल्लेख नव्हता.

भाडेकरू ठेवला की घर गेलं, असं मग मालक म्हणू लागले आणि त्यांनी भाड्याऐवजी लायसन्सची, म्हणजे त्या नुसत्या परवानगीची, वाट धरली. तर १९७३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे चालू कराराने लायसन्सवर राहत होते, ते कायद्याने भाडेकरू मानले गेले. पाहुणा म्हणून आलेला माणूस एका तारखेच्या पुण्याईवर घरचा झाला. त्यानंतर कितीतरी मालकांनी जागा रिकामी ठेवणं पत्करलं. त्या घरांच्या दारांवरची कुलपं चोरांसाठी नव्हतीच, ती सज्जन माणसांसाठी होती. ३१ मार्च २००० पासून तो १९९९ चा नवा कायदा लागू झाला तेव्हा कुठे चित्र पालटलं. लायसन्सची मुदत संपली की जागा सोडायची. नाही सोडली तर कलम २४ प्रमाणे ठरलेल्या रकमेच्या दुप्पट नुकसानभरपाई. मालकांनी सुस्कारा सोडला. कुलपं निघाली.

आणि सुस्कारा पुरता सोडून होतो न होतो तोच भाडेकरू निघून जायला लागले. बदली झाली, नोकरी सुटली, परदेशी संधी आली, लग्न ठरलं, लग्न मोडलं, ऑफिसने घरूनच काम करा म्हणून सांगितलं. ज्या माणसाने कधीतरी जावं म्हणून तीन पिढ्या कोर्टात गेल्या, तो आता आपण होऊन चौथ्या महिन्यात किल्ली आणून देतो, आणि मालकाच्या पोटात गोळा येतो. म्हणून करारात लॉक-इनचं कलम आलं. अमुक महिने दोघांपैकी कुणीही करार मोडायचा नाही. भाडेकरू मधेच गेला तर उरलेल्या महिन्यांचं भाडं त्याने भरायचं. एकाच कागदात पान चारवर हा माणूस जाईल की नाही याची काळजी आणि पान पाचवर हा माणूस राहील की नाही याची. उशिरा गेलात तर दुप्पट, लवकर गेलात तर उरलेलं सगळं. मधल्या त्या एकाच दिवशी, सूर्यास्तापूर्वी, सामानासकट उंबरठा ओलांडणं तेवढं फुकट. माणसाचं आयुष्य त्या दिवसावर नेमकं येऊन उभं राहील, असा कराराचा माणसावर अढळ विश्वास असतो. इतका विश्वास तर सोयरीक जुळवतानाही कुणी टाकत नाही.

हिशेबच मांडायचा तर समजा, भाडं वीस हजार, अनामत एक लाख, मुदत अकरा महिने, लॉक-इन सहा महिन्यांचं आणि तुम्ही चौथा महिना संपताना निघालात. उरलेल्या दोन महिन्यांचे चाळीस हजार कागदावर तुमच्या नावे लागले. घर शोधून देणाऱ्या दलालाला एक महिन्याचं भाडं दिलं होतं. अकरा महिन्यांवर ते पसरलं असतं तर महिन्याला अठराशेच्या आसपास पडलं असतं, आता ते महिन्याला पाच हजार पडलं. नव्या घराचा नवा दलाल, नवी अनामत, आणि जुनी अनामत हातात यायच्या आधीच नवी द्यावी लागते. म्हणजे काही काळ आपण दोन घरांत अनामत ठेवलेले आणि स्वतः टेम्पोत बसलेले असे तिसरीकडेच असतो. त्यात टेम्पो, हमाल, सोसायटीचा सामान हलवण्याचा आकार, आणि काही मालक भिंतींच्या रंगाचे म्हणून धरून ठेवतात ते.

या सगळ्यात मला सर्वांत हृद्य वाटते ती मुद्रांक शुल्काची आकारणी. शुल्क पाव टक्का, पण ते कशावर? सगळ्या महिन्यांचं मिळून भाडं, अधिक अनामत रकमेवरचं दसादशे दहा टक्के व्याज. वरच्या उदाहरणात दोन लाख वीस हजारांत अकरा महिन्यांच्या व्याजाचे नऊ हजार एकशे सदुसष्ट मिळवायचे आणि त्याचा पाव टक्का काढायचा. पावणेसहाशेच्या आसपास भरतो. वर महानगरपालिकेच्या हद्दीत नोंदणीचे एक हजार. रक्कम किरकोळ आहे, मोठी आहे ती श्रद्धा. तुमची अनामत कुठेतरी दहा टक्क्यांनी वाढते आहे, असं सरकार मानतं. ते व्याज भाडेकरूने पाहिलेलं नसतं आणि मालकही पाहिल्याचं कबूल करत नाही. तरी त्यावरचं शुल्क मात्र रोख भरलं जातं. आपल्याकडे न दिसणाऱ्या गोष्टींवर श्रद्धा ठेवणारी माणसं कमी नाहीत, पण त्यावर पाव टक्का आकारण्याचं धैर्य शासनाचंच.

आमच्यावर मुदतीआधी घर सोडायची वेळ आली ती गुडघ्यांमुळे, आणि तेही माझ्या नव्हे, आईच्या. मिरजेच्या घरात ती एकटी राहायची. विहिरीजवळचा पेरू, शेजारच्या वहिनी आणि सकाळची रेडिओवरची भक्तिगीतं एवढ्यात तिचं जग नीट बसलेलं होतं. मग गुडघ्यांनी असहकार पुकारला. डॉक्टरांनी सांगितलं, एकटं ठेवू नका आणि जिने नकोत. पहिलं वाक्य तिला आमच्याकडे आणणारं होतं आणि दुसरं आमच्याकडे येऊ न देणारं. तिसरा मजला, लिफ्ट नाही. कोथरूडच्या जुन्या इमारती बांधल्या तेव्हा सगळे तरुण होते, आणि बांधणाऱ्यांना ते तसेच राहतील असं वाटलं असावं. मी करार काढून वाचला. अग्निप्रलय, भूकंप, सरकारी संपादन यांचा त्यात विचार केलेला होता. आईच्या गुडघ्यांचा नव्हता.

वकिली करणारा एक मित्र म्हणाला, घाबरू नकोस. १८७२ च्या करार कायद्यातलं कलम ७४ मोठं समंजस आहे. करार मोडल्यावर अमुक रक्कम द्यायची असं लिहिलेलं असलं, तरी ती सगळीच्या सगळी मिळेल असं नाही. मिळते ती वाजवी भरपाई, आणि लिहिलेली रक्कम ही तिची वरची मर्यादा. शिवाय आदल्याच कलमाचं स्पष्टीकरण सांगतं की नुकसान कमी करायला हाताशी कोणते उपाय होते, तेही बघायचं. मालकाला पुढच्याच आठवड्यात नवा भाडेकरू मिळाला, तर त्याचं नुकसान ते किती? ऐकून बरं वाटलं. दीडशे वर्षांपूर्वी कुणीतरी बसून एवढा मायेचा विचार करून ठेवला होता. पण मित्राने पुढे असंही सांगितलं की हा समंजसपणा मिळवायला दावा लावावा लागतो, आणि चाळीस हजारांसाठी कोर्टात जाणारा माणूस पुढे वर्षानुवर्षं तारखांच्या घरी बिऱ्हाड करतो. तिथे लॉक-इन किती असतं, ते कुणी आधी लिहून देत नाही.

मग मी कलम बाजूला ठेवून जिना उतरलो. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. आईला संधिवात आहे की झीज, तेल कुठलं लावता, हे आधी विचारलं. मग म्हणाल्या, “ते लॉक-इन एजंटने घातलं हो, माझ्या भल्यासाठी म्हणून. पण जागा रिकामी राहिली तर मला जड जाईल, हे खरंच. माझी औषधं त्या भाड्यावर चालतात. तुमच्या जागी कुणी आलं की झालं. तुम्हीच बघा ना कुणीतरी.” यजमानांनी मुलासाठी घेतलेली ती वरची जागा, मुलगा न्यू जर्सीत. कागदावर त्या मालक आणि मी परवानगीने राहणारा. पण महिना भरला की कोण कुणाच्या भरवशावर आहे, हे कागदाला सांगता आलं नसतं.

तेव्हापासून मी त्या घराचा विक्रेता झालो. घर सोडायचं तर आधी त्याची तोंड भरून स्तुती करायला हवी, अशी ती अजब अट होती. येणाऱ्यांना मी सांगू लागलो की पश्चिमेची गॅलरी आहे आणि दोन इमारतींच्या फटीतून वेताळ टेकडीचा एक तुकडा दिसतो. आषाढात तो हिरवा होतो आणि चैत्रात सिंहाच्या पाठीसारखा पिवळा. स्वयंपाकघराच्या खिडकीशी कडुनिंब आहे, त्यावर बुलबुल येतात. लिफ्ट नाही खरी, पण म्हणूनच वारा आहे, डास नाहीत आणि व्यायाम आपोआप होतो. ज्या जिन्यांमुळे आम्हाला घर सोडावं लागत होतं, त्यांचीच भलावण मी करत होतो आणि माझा आवाज खरा वाटत होता, कारण मी बोलत होतो त्यातलं सगळं खरंच होतं. तिथे राहत असताना हे घर माझ्यासाठी नळाचं गळणं आणि दुधाची पिशवी होतं. त्याचं कौतुक माझ्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं ते परक्या माणसांनी, आणि त्यांच्याबरोबर मीही. एका संध्याकाळी असंच कुणाला तरी गॅलरी दाखवून मी आत आलो, तर ही म्हणाली, “इतकं छान आहे तर आपण कशाला सोडतोय?”

येणाऱ्यांच्या तऱ्हा निरनिराळ्या. एक तरुण आल्यापासून जाईपर्यंत मोबाइल हातात धरून भुतं शोधणाऱ्या मांत्रिकासारखा प्रत्येक कोपऱ्यात नेटवर्क तपासत होता. त्याने टेकडीकडे बघितलंच नाही. एका कुटुंबातल्या सासूबाईंनी होकायंत्र आणलेलं. ईशान्येला काय आहे, असं त्यांनी विचारलं. तिथे काकूंच्या यजमानांनी बसवलेलं पुस्तकांचं कपाट होतं. त्यावर त्या चिंतेत पडल्या. एक बाई काही न बोलता सगळं घर फिरल्या आणि शेवटी एकच प्रश्न विचारला: कामाला येणाऱ्या मावशी याच राहतील का? अनुभवी माणूस होतं ते. अखेर नांदेडकडच्या दोघी बहिणी आल्या. थोरली रुग्णालयात नोकरीला, धाकटी शिकणारी. सोसायटीच्या सेक्रेटरींनी एकट्या मुली म्हणून कपाळाला आठ्या घातल्या, तर काकू म्हणाल्या, “एकट्या कशा? तळमजल्यावर मी आहे की.” ठराव मंजूर झाला.

जाण्याआधी जागेची पाहणी करायची, असं कराराच्या शेवटच्या पानावर होतं. परिशिष्टात यादी होती: पंखे चार, दिवे सहा, गीझर एक, पडद्याचे रॉड तीन. मालकाने प्रत्यक्ष पाहून खात्री करावी, असं लिहिलेलं. पण काकूंचेही गुडघे आईच्याच पंथातले. तिसऱ्या मजल्यावरची आपली जागा त्यांनी कित्येक वर्षांत पाहिलेली नव्हती. तेव्हा पाहणी झाली ती तळमजल्यावर, चहा घेता घेता. त्यांनी विचारायचं आणि मी सांगायचं. जगात बहुधा हा एकच पंचनामा असेल, ज्यात आरोपी, साक्षीदार आणि पंच हे तिन्ही एकाच खुर्चीत बसले होते. मी म्हणालो, बाथरूमच्या वरच्या कोपऱ्यात पावसात ओल येते. त्यांनी वहीत लिहून घेतलं. गीझरला वेळ लागतो. लिहून घेतलं. मग पेन खाली ठेवून त्यांनी विचारलं, “हॉलच्या छताला झोपाळ्याच्या कड्या आहेत का अजून?” आहेत म्हटलं. “आणि देवघराच्या फरशीवर एक चीर होती, नारळ पडला होता त्याची?” आहे. “संध्याकाळचं ऊन त्या कपाटापर्यंत येतं का? समोर बिल्डिंग झाली म्हणे.” येतं, म्हटलं, पण आता थोडा वेळच. यादीतले पडद्याचे रॉड विचारायचे राहूनच गेले. माहेरहून कुणी आलं की सासरी गेलेली मुलगी जशी एकेकाची विचारपूस करते, तसं त्या आपल्याच घराविषयी विचारत होत्या, आणि त्या घरातून आलेला शेवटचा माणूस म्हणून मी जमेल तेवढं सांगत होतो.

हिशेब त्यांनी स्वतःच्या हाताने, डाव्या बाजूला ‘श्री’ लिहून केला. दोघी बहिणी राहायला येईपर्यंतचं एका महिन्याचं भाडं वजा. सोसायटीचा आकार वजा. रंगाचे पैसे काही नाहीत. “भिंती काय, कुणीही राहिलं तरी मळणारच,” असं तोंडी स्पष्टीकरण. बाकी रकमेचा धनादेश. कराराप्रमाणे त्या जास्त मागू शकल्या असत्या, आणि कलम ७४ प्रमाणे मी कदाचित कमीत सुटलो असतो. आम्ही दोघं त्या दोन आकड्यांच्या मधे कुठेतरी भेटलो. बाजारभावाने बघितलं तर नुकसान झालंच: दलाली गेली, एक भाडं गेलं, टेम्पोवाल्याने जिन्याचे वेगळे पैसे लावले. आई आता तळमजल्यावरच्या नव्या जागेत आहे. खिडकीतून टेकडी दिसत नाही, भिंत दिसते, आणि ती भिंत बरी आहे असं तिचं मत.

दोघी बहिणींच्या करारावेळी मी साक्षीदार म्हणून हजर होतो. धाकटीने एजंटला सरळ विचारलं, “मधेच जावं लागलं तर किती?” एजंट म्हणाला, ताई, आत्ताच आलात आणि जायचं काय बोलता. काकू म्हणाल्या, विचारू दे की तिला. मग करारात एक ओळ वाढली: मुदतीआधी जायचं झाल्यास एक महिन्याची लेखी सूचना आणि एक महिन्याचं भाडं, याउपर काही नाही, आणि मालकाने जायला सांगितलं तरी हेच लागू. एवढी ओळ टंकायला त्या तरुणाला दोन मिनिटंही लागली नाहीत.

तेव्हा वाचकहो, पुढच्या वेळी अंगठा टेकवण्यापूर्वी ते कलम काढून नीट वाचा. लॉक-इन दोन्ही बाजूंना सारखं आहे का, ते बघा. मुदतीआधी जायची किंमत ‘उरलेलं सर्व भाडं’ अशी मोघम ठेवू नका, आकड्यात लिहून घ्या. अनामत किती दिवसांत परत मिळेल, तेही लिहून घ्या. येतानाच जायचं विचारणं अशुभ असतं असं कुणी म्हणालं, तर त्यांना खुशाल सांगा की लग्नाच्या हॉलवालेही ते आधीच विचारतात. आणि काही अडलंच, तर वकिलाकडे जाण्याआधी एकदा जिना उतरून मालकाशी बोला. ते फुकट आहे आणि त्याला मुद्रांक लागत नाही.